सूचक मुक्ता, अनुमोदक साखरा

ते साल एकोणीसशे शहाऐंशी. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता, आणि होळी झाली तेव्हा तळ्याच्या वाडीच्या तळ्यात निम्म्याहून कमी पाणी उरलं होतं. त्या उरलेल्या पाण्यावर चार होड्या चालायच्या. शिडाच्या होड्या. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना टँकर आठवतो, ऊसतोडीच्या गाड्या आठवतात. शीड कुठून आठवणार? पण होत्या. लाल-पिवळ्या पट्ट्यांची शिडं होती आणि दर रविवारी सारं गाव भाकरी बांधून बांधावर बसायचं.

तळं बाहत्तरच्या दुष्काळात झालं होतं. रोजगार हमीच्या पाट्या डोक्यावर वाहून गावच्या बायकांनीच ती भिंत उभी केली होती. पुढं मुक्ताच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, उपसा सिंचन सहकारी संस्था काढली. तळ्यात जॅकवेल, म्हणजे पंपासाठीची उंच विहीर, बांधली, चढावर पाणी नेलं. चार वर्षं कड्याच्या कारखान्याला ऊस गेला, लोकांनी घरांवर पत्रे टाकले. मग पाणी हटलं. जॅकवेल बगळ्यासारखी एका पायावर उघडी पडली, पंप बंद झाले आणि ॲल्युमिनियमचे पाइप संस्थेच्या गोदामापुढं नुसते तापत पडले.

त्याच सुमाराला अर्जुनरावांचे चुलतभाऊ सुंदरराव नौदलातून निवृत्त होऊन आले. दंडावर नांगर गोंदलेला, चालणं फाकलेलं, आवाज असा की वेशीत बोलले तर मारुतीच्या पारावर ऐकू यावं. पोरांनी त्यांना नेव्हीमामा केलं. नात्यानं जे त्यांचे पुतणे होते तेही मामाच म्हणायचे. नेव्हीमामांना तळं बघून राहवेना. त्यांनी ते पडलेले पाइप डोलकाठ्यांसाठी मागितले, फळ्या जोडून होड्या केल्या. शिडाला आधी साखरेचं बारदान लावलं, तर वारं त्यातून आरपार गेलं आणि होडी जागची हलली नाही. ताडपत्री लावली, ती इतकी जड की होडी आडवी झाली. शेवटी त्यांच्या बायकोनं, छबुबाईंनी, मांडववाल्याकडून नारायणगडाच्या यात्रेत फाटलेलं मांडवाचं कापड आणलं. बायकांनी ते बसून शिवलं. पहिली होडी पाण्यात गेली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, कुणाचं लगीन वाहून चाललं?"

आपल्याकडं चार माणसं जमली की संस्था निघते. होड्यांचीही निघाली, सिंचन संस्थेच्याच सभासदांची. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, आमसभा, सात दिवसांची नोटीस, सगळं रीतसर. आणि पोरं झाली बाल सभासद. होड्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा पोरांना घरात रोज कानावर पडणारीच नावं सुचली: चेअरमन, व्हाइस चेअरमन, सेक्रेटरी आणि कोरम. चेअरमन सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हळू. अर्जुनराव स्वतः संस्थेचे चेअरमन; त्यांनी ते हसून घेतलं, पण फार मोठ्यानं नाही. कोरम ही मुक्ताची होडी. तिच्यात बसायला नेहमी कुणीतरी कमी पडायचं, म्हणून ते नाव.

पहिल्या उन्हाळ्यात एक घोटाळा झाला, तो या गावातच होऊ शकतो. होडी वळवायची तर शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, दोघांनाही डोकी वाकवून जागा बदलावी लागते. नेव्हीमामा काठावरून इंग्रजीत हुकूम सोडायचे, पोरांना त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. भारत आणि मुंजाजी हे दोघं भाऊ चेअरमनमध्ये होते. भारतच्या हातात सुकाणू. त्यानं बापाला सभेत बोलताना ऐकलेलं, तसंच तो खणखणीत म्हणाला, "उजवीकडं वळावं, असं मी सुचवतो!"

मुंजाजी म्हणाला, "माझा विरोध हाय."

"कावून रे?"

"डावीकडं सावली हाय."

"मग उपसूचना मांड!"

मुंजाजी उपसूचना मांडायला उभा राहिला आणि चेअरमन उलटली. पाठीला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यांवर दोघं तरंगत होते आणि पाण्यातही एकमेकांना खोडून काढत होते. बांधावर बायका हसून लोळल्या. नेव्हीमामांनी डोक्याला हात लावला. पण रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजी हुकूम रद्द केले.

"ऐका रे. ज्याच्या हातात सुकाणू, तो सूचक. ज्याच्या हातात शिडाची दोरी, तो अनुमोदक. सूचकानं म्हणायचं 'वळू'. अनुमोदकाची तयारी असल तर त्यानं म्हणायचं 'अनुमोदन'. मगच वळायचं. अनुमोदन न्हाई आलं, तर सरळ जायचं. होडीत चर्चा न्हाई, विरोध न्हाई, उपसूचना तर बिलकुल न्हाई!"

हे पोरांना एका दिवसात कळलं. तेव्हापासून तळ्यावर रविवारी नुसत्या "वळू!" आणि "अनुमोदन!" अशा आरोळ्या उठायच्या. नवा पाहुणा आला तर त्याला वाटायचं, पाण्यात सभा चालू आहे.

मुक्ताला अनुमोदक मिळत नव्हता. ती बारा वर्षांची, अंगानं किडकिडीत, स्वभावानं हट्टी. वळायची घाई फार. समोरच्याचं "अनु" होईपर्यंत हिचं सुकाणू फिरलेलं असायचं आणि शिडाची काठी अनुमोदकाच्या कानशिलात बसायची. दोघीतिघी रडत घरी गेल्या. मग एका रविवारी कोरम रिकामी उभी असताना नेव्हीमामांनी काठावरच्या एका पोरीला हाक मारली.

ती साखरा. म्हाळू मेंढपाळाची लेक. म्हाळूचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दरवर्षी दिवाळीनंतर तळ्याच्या उत्तरेच्या काठाला, बाभळीखाली पडायचा. शेतकरी त्याची मेंढरं खतासाठी रानात बसवायचे. साखरा मुक्ताच्याच वयाची, पण तिच्यापेक्षा डोकंभर उंच. म्हाळूला जमीन नाही, म्हणून तो संस्थेचा सभासद नव्हता. सभासदाचं लेकरू नाही म्हणून साखरा बाल सभासद नव्हती. संस्थेचे सचिव राधाकिशन यांनी तसं बोलून दाखवलं. नेव्हीमामा म्हणाले, "तिला वजन म्हणून घेतलीय. वजनाला सभासद व्हावं लागत न्हाई."

साखरा बसली. मुक्ता म्हणाली, "वळू!" आणि साखरा गप्प. मुक्तानं सुकाणू अर्धं फिरवलं होतं, ते थांबवावं लागलं. "अगं, म्हण की!"

"माजा पाय दोरीत हाय," साखरा शांतपणे म्हणाली. तिनं पाय काढला, लुगड्याचा काठ खोचावा तसा परकर खोचला, नीट बसली आणि मग म्हणाली, "हां. आता अनुमोदन."

त्या दिवसापासून कोरमची काठी कुणाच्या कानशिलात बसली नाही. मुक्ताला पहिल्यांदा कळलं की थांबून वळलं तर होडी पाण्यावरून अशी सरकते, जशी तव्यावरून भाकरी. दोन हिवाळे त्या दोघी एकत्र होत्या. होडीत त्या फारसं बोलायच्या नाहीत. बोलणं सगळं काठावर, छबुबाईंच्या चुलीपाशी, चहाच्या बशा फुंकत. मुक्ता साखराला अक्षरं दाखवायची, साखरा मुक्ताच्या वेणीतले बाभळीचे काटे काढायची. "चेअरमनची पोर आन् डोक्यात काटं? काय खुराड्यात निजतीस का काय?"

तर त्या शहाऐंशीच्या साली संस्थेनं ठराव केला की पाडव्याला पोरांची मोठी शर्यत घ्यायची. कड्याहून पाहुणे बोलवायचे, सगळ्या गावानं जेवायला बसायचं. पाडव्यानंतर तळं पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवायचं, होड्या गोदामात चढवायच्या, हेही त्याच ठरावात होतं. कुणाकुणाचं म्हणणं होतं की आत्ताच बंद करा. नेव्हीमामा म्हणाले, "होडी पाणी पीत न्हाई रे बाबांनो." तेवढ्यावर पाडव्यापर्यंत मुभा मिळाली.

मुक्ता महिनाभर त्याच नादात होती. जिंकायचं होतंच, पण साखराबरोबर. दुसरं कुणी दोरीला असेल, ही कल्पनाही तिला सहन होत नव्हती.

आणि पाडव्याला दहाएक दिवस राहिले असताना साखरा म्हणाली, "आमी शुकरवारी निघणार."

"कुठं?"

"गंगथडीला, गोदावरीच्या काठाला. गवत सपलं हितलं. बा म्हनला, उन्हं कलली की निघायचं."

मुक्ता तडक बाभळीखाली गेली. म्हाळू घोंगडीवर बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. त्याची बायको भामाबाई तीन दगडांवर भाकरी टाकत होती.

"म्हाळूकाका, पाडव्यापर्यंत थांबा ना."

"कावून, ताई?"

"शर्यत हाय. ठराव झालाय."

म्हाळू हसला. "ठराव मानसांचा झालाय. मेंढरं ठराव ऐकत न्हाईत. त्यांना आज भूक लागतीया."

भामाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तुजी शर्यत हिकडं आण की पोरी. आमाला काय, शुकरवारी दुपारच्याला घ्या. वारं दुपारीच सुटतंय न्हवं?"

ही गोष्ट मुक्ताच्या डोक्यात आलीच नव्हती. ती पळत घरी आली. अर्जुनराव जेवायला बसले होते, वच्छलाबाई, म्हणजे मुक्ताची आई, वाढत होती.

"दादा, शर्यत शुक्रवारी घ्या."

"पाडव्याचा ठराव हाय."

"मग बदला."

"ठराव बदलायला आमसभा लागते. आमसभेला सात दिवसांची नोटीस लागते. संस्था म्हणजे काय भातुकली हाय का?" अर्जुनरावांनी कोरड्यासाची वाटी ओढली. "आन् कड्याच्या पाहुण्यांना पाडव्याला काय दाखवू, माझं तोंड?"

"होड्या दाखवा," वच्छलाबाई म्हणाली. "पाहुण्यांना कुठं वारं कळतंय? उभ्या होड्या बघून टाळ्या वाजवतील."

"तू मधी बोलू नको."

"बोलत न्हाई. पण मला एवढं सांगा, मागल्या साली पंप विकायच्या टायमाला नोटीस कुठं गेलती? तातडीची सभा बोलवलीत, कोरम भरला न्हाई म्हणून तहकूब केलीत, आन् अर्धा घंटा थांबून चार टाळक्यांत मंजूर करून आलात. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, हे तुमीच मला ऐकवलतं, लई कौतुकानं."

अर्जुनरावांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मुक्ता मात्र त्यांच्या ताटासमोरून हलली नाही. त्यांनी हात धुतला, पोरीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्यांना रागावता आलं असतं. "तिच्याबरोबरच कावून पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"दुसरीबरोबर मला थांबता येत न्हाई," मुक्ता म्हणाली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर तातडीची सभा लागली. आता सभेला कोरम भरला असता तर पंचाईत होती, कारण वीस माणसं आली असती तर वीस मतं आली असती आणि शुक्रवार तिथंच बुडाला असता. म्हणून ज्याच्या त्याच्या घरी जाऊन कुजबुजून सांगितलं, येऊ नका. सगळ्यांत मोठी धास्ती सचिव राधाकिशनची. हा माणूस नियमाबाहेर शिंकायचासुद्धा नाही. तो आला खरा, पण पारावर चढेना. खाली पानाच्या टपरीपाशी स्टूल घेऊन बसला, मनगटावरचं घड्याळ बघत.

नेव्हीमामांनी हाक मारली, "राधाकिशन, वर या की!"

"आलो असतो," राधाकिशन म्हणाला, "पण मी वर आलो की एक सभासद वाढतो. कोरम न्हाई म्हणून आधी तहकूब होऊ द्या. अर्धा घंटा झाला की मी येतो. नियम म्हणजे नियम."

अर्धा तास सगळे बसून राहिले. छबुबाईंनी शेंगा आणल्या होत्या, त्यांच्या फोलपटांचा तेवढा आवाज. मुक्ता पारावरच्या लिंबाला टेकून उभी होती आणि राधाकिशनच्या घड्याळाकडं बघत होती. मग राधाकिशन उठला, चपला काढून वर आला. "तहकूब सभा सुरू. बोला." शर्यत शुक्रवारी दुपारी घ्यावी, सूचक सुंदरराव, अनुमोदक अर्जुनराव. मंजूर. राधाकिशननं सही केली आणि खाली उतरताना मुक्ताच्या डोक्यावर टपली मारली. "वजनाला सभासद व्हावं लागत न्हाई, काय?"

शुक्रवारी गाव बांधावर लोटलं. नोटीस नसताना एवढी माणसं आली; नोटीस असली की येत नाहीत. वारं पश्चिमेचं, बांधाच्या बाजूनं सुटलेलं, कोरडं आणि भरदार. शर्यत सोपी होती. बांधापासून वाऱ्याबरोबर जॅकवेलपर्यंत जायचं, तिला वळसा घालायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी वळणं घेत परत बांधाला यायचं. बांधावर छबुबाई पितळी परात आणि पळी घेऊन बसल्या होत्या; जी होडी पहिली येईल तिच्यासाठी परात वाजणार होती. पलीकडं उत्तरेच्या काठाला म्हाळूची मेंढरं गोळा झाली होती. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं, वर कोंबड्यांची डालगी. साखरासाठी थांबले होते.

जाताना चारही होड्या सोबत गेल्या. लाल-पिवळी शिडं फुगून अशी निघाली की बांधावरच्या म्हाताऱ्यांनीही शिट्ट्या मारल्या. जॅकवेलला कोरमनं सगळ्यांत आतून वळसा घातला. "वळू!" "अनुमोदन!" दोघींची डोकी एकदम वाकली, एकदम वर आली. मागं सेक्रेटरी गाळात रुतली, व्हाइस चेअरमनमधल्या पोरी भांडायला लागल्या. चेअरमन कुठंतरी मागं रखडत होती.

परतीच्या वाटेवर एक वळण दक्षिणेला, एक उत्तरेला, पुन्हा दक्षिणेला. प्रत्येक वळणाला कोरम पुढं. शेवटचा लांब पल्ला उत्तरेच्या काठाकडं जाणारा होता. त्यातून योग्य जागी एकदा वळलं की नाक थेट परातीकडं. मुक्तानं मागं पाहिलं. कुणी जवळपास नव्हतं. बांधावरून तिच्या नावाचा गजर चालला होता, त्यात दादांचाही आवाज होता. वळायची जागा आली.

"वळू!" मुक्ता म्हणाली.

साखरा काही बोलली नाही.

मुक्ताला वाटलं, हिचा पाय दोरीत असेल. तिनं पाहिलं. पाय मोकळा होता. दोरी हातात घट्ट होती. साखरा शिडाकडं बघत होती, मान वर करून, शिडाच्या लाल पट्ट्यातून उन्हं तिच्या तोंडावर आलेली.

"साखरे, वळू!"

"इतक्यात न्हाई."

"अगं, परात तिकडं राहिली!"

"वळलं की झालंच की मग," साखरा म्हणाली. "मोरं आजून पानी हाय."

मुक्ताच्या हातात सुकाणू होतं. तिनं ते फिरवलं असतं तर होडी वळली असती. साखरानं मुकाट डोकं वाकवलं असतं, हे तिला ठाऊक होतं. ती घाईची पोर. पण अनुमोदन आलं नव्हतं, आणि अनुमोदन नाही आलं तर सरळ जायचं. तिनं सुकाणू तसंच धरलं. बांधावरचा गजर आधी चिडला, मग गोंधळला, मग दूर गेला. पाण्याचा फळीवर होणारा चुळचुळ आवाज तेवढा राहिला. होडी चालली होती. एवढा लांब, एवढा सरळ पल्ला त्यांनी कधी मारला नव्हता, कारण दरवेळी कुठंतरी वळावंच लागायचं.

मागं परात वाजली. चेअरमन पहिली आली होती. भारत आणि मुंजाजी असे हरखले की जिंकल्यावर उभे राहिले आणि पुन्हा उलटले.

कोरम उत्तरेच्या काठाशी गाळात टेकली. म्हाळू धोतर खोचून गुडघाभर चिखलात आला. "वाट चुकल्या व्हय गं पोरीनो? शर्यत तिकडं हाय."

"न्हाई," मुक्ता म्हणाली. "साखराला सोडायला आलो."

म्हाळूनं लेकीला कडेवर उचललं, एवढी थोराड पोरगी, लहान असल्यासारखी. साखरानं पाठीचा डबा सोडून मुक्ताच्या हातात दिला. "शिडाची दोरी वाळवून ठेव," एवढंच म्हणाली. भामाबाईनं पदराच्या टोकाला बांधलेला गुळाचा खडा मुक्ताच्या हातावर ठेवला. मग मेंढरं हलली. मुक्ता होडीत एकटी बसून राहिली, धुरळा टेकडीआड जाईपर्यंत. नेव्हीमामा गाळ तुडवत तिला आणायला आले. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "पल्ला चांगला मारलात," आणि होडीला मागून जोर लावला.

पाडव्याला कड्याचे पाहुणे आले, उभ्या होड्या बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी होड्या गोदामात गेल्या. वैशाखात तळं आटलं, आणि त्यापुढचाही पावसाळा कोरडाच गेला. होड्यांची संस्था पुन्हा उभी राहिली नाही.

अर्जुनराव पुढची निवडणूक हरले, मग एक जिंकले, मग राजकारण सोडून मोसंबीच्या नादी लागले. वच्छलाबाई त्यांच्यामागं बरीच वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत गावच्या महिला दूध संस्थेच्या सभा चालवत राहिल्या. सुंदररावांना दम्यानं गाठलं. ते मुलाकडं पुण्याला गेले आणि तिथंच वारले. छबुबाई परत आल्या, गावातच गेल्या. राधाकिशनचं घड्याळ त्याच्या नातवाकडं आहे, ते चालत नाही. भारत टँकर चालवायचा, आता त्याचे स्वतःचे दोन आहेत. मुंजाजी नाशिकला कारखान्यात लागला, युनियनमध्ये विरोधी पॅनेलचा पुढारी झाला. म्हाळूनं मेंढरं विकली. तो आणि भामाबाई गंगथडीलाच एका पत्र्याच्या घरात राहिले आणि एका वर्षाच्या अंतरानं गेले.

पुढच्या दिवाळीनंतर म्हाळूचा वाडा तळ्यावर आला होता, पण साखरा नव्हती. तिचं लग्न झालं होतं. मुक्ता धारूरला शाळेत शिक्षिका झाली, आता तिचं तिथंच घर आहे. बारा-चौदा वर्षांनी बीडच्या एस.टी. स्टँडवर एका उंच बाईनं मागून तिच्या वेणीला हात लावला, तेव्हा मुक्ताबाईंची गाडी सुटत होती. त्यांनी ती सोडून दिली. साखराबाई माजलगावकडं राहतात, तीन मुलं, शेळ्या आहेत, थोडी जमीनही झाली. आता दोघींकडं फोन आहेत. महिन्यातून एकदा बोलणं होतं, आणि ते बहुतेक गुडघ्यांविषयी असतं.